टेस्टमधल्या पेशंट बाई

“पोरी, कुठं हायस तू?”

मी समोरच बसलेली असले तरी बाई हे विचारायच्याच. उत्तरं दोनच, ‘टेस्टवर’ नाहीतर ‘लाइव्हवर’. उत्तर मिळेपर्यंत त्या कीबोर्डला बोट लावत नसत.

वेबसाइट बनवणाऱ्यांचे असे दोन संसार असतात, हे तुम्हाला सांगायला हवं. टेस्टचा संसार ऑफिसातल्या मशीनवर, तिथं सगळं खोटं. लाइव्ह म्हणजे लोक वापरतात तो. साइट तीच, फरक फक्त सेटिंगच्या एका फाइलचा. कुठली यादी वाचायची, मेसेज कुणाला पाठवायचे, हे ती फाइल ठरवते. बाई म्हणायच्या, “दोन्ही फायली जावा-जावा हायत. चुली येगळ्याच बऱ्या.”

कळंबच्या मोंढ्यात, बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. बाई शेजारच्या वाशी गावाहून एसटीनं यायच्या. पूर्वी कळंबमध्येच त्यांचा टायपिंगचा क्लास होता, त्यामुळे निम्म्या गावाच्या त्या बाईच. हे काम त्या पन्नाशीत शिकल्या, आणि डिग्रीवाल्या आम्हाला पाणी पाजायच्या.

तेव्हा रक्तदात्यांची साइट आमच्याकडं होती. कुणाला रक्त लागलं की यादीतल्या दात्यांना मेसेज जायचा. टेस्टच्या मेसेजमध्ये बाई पेशंट म्हणून स्वतःचंच नाव टाकायच्या आणि पत्ता ऑफिसचा.

“बाई, असलं अभद्र कशाला लिहिता?” मी एकदा म्हटलं.

“मग दुसऱ्याच्या नावावर दुखणं लिहू व्हय?”

एके दिवशी लाइव्हवर दात्यांची यादी अर्धीच दिसत होती. टेस्टच्या दहा खोट्या नावांवर दोष काही सापडेना. म्हणून पाच मिनिटांपुरती मी लाइव्हची सेटिंग माझ्या मशीनवर आणली. दोष सापडला. त्या आनंदात सेटिंग परत बदलायची राहिली आणि मी डबा खायला उठले. हात धुऊन आले तर बाई माझ्या खुर्चीत.

“कुठं हायस?”

जीभ सवयीनं बोलली, “टेस्टवर.”

बाईंनी टेस्टचा मेसेज पाठवायचं बटण दाबलं.

अर्ध्या तासात जिना दणाणला. नऊ माणसं धापा टाकत वर आली. त्यातला एक पिठाच्या गिरणीतून तसाच उठून आलेला, भुवयांवर पीठ. “बाईंना कुठल्या दवाखान्यात नेलंय? रक्त कुठं द्यायचं?”

लाइव्हची सेटिंग तशीच राहिली होती, हे मला तेव्हा कळलं. बाई उठून उभ्या राहिल्या.

“मला काय बी झालं न्हाय, बाबांनो. मेसेज चुकून आला. माफ करा.”

आता शिव्या पडणार, असं मला वाटलं. पण गिरणीवाला मटकन खाली बसला आणि रडायलाच लागला. “लई भ्यालो, बाई.” मागून कुणीतरी म्हणालं, “खोटं निघालं तेच बरं झालं की.”

एका मेसेजवर नऊ माणसं हातातलं काम टाकून धावत येतील, असं कळंबात दुसरं कुणी होतं का, मला माहीत नाही. मी सगळ्यांना चहाला खाली नेलं. परत वर आले तेव्हा आमच्या ऑफिसचे मालक येऊन उभे होते.

“बटण कुणी दाबलं?”

“म्या,” बाई म्हणाल्या.

“टेस्ट का लाइव्ह, ते विचारलं नाही?”

“न्हाय. इसरले.”

विसरल्या? बाई? बोलायला हवं होतं, तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते. मालकांनी बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी डबा पिशवीत घातला, पदर सारखा केला आणि पाचच्या एसटीनं त्या गेल्या.

मला वाटलं, माझी चूक बाईंना कळलीच नसेल. दुसऱ्या दिवशी, कुणाला दिसण्याआधी, ती चुकीची सेटिंग काढायला मी मशीन चालू केलं.

फाइलमध्ये टेस्टचीच सेटिंग होती. नीट, ओळीनं, जशी हवी तशी. बदलल्याची वेळ होती आदल्या दुपारची दोन वाजून दहा मिनिटं. तेव्हा मी खाली त्या नऊ जणांना चहा पाजत होते. माडीवर बाई एकट्याच होत्या.