डावी स्ट्रॉ, उजवी स्ट्रॉ

चार मैत्रिणी जमल्या की कोणी सासूचे किस्से काढतं, कोणी बॉसचे. माझे गाईंचे असतात, आणि दर आठवड्याला त्यात भर पडते! जपानमध्ये सेंदाईजवळच्या एका पशुपैदास केंद्रात मी पार्ट-टाइम काम करते. जातिवंत काळ्या गाईचा एम्ब्रियो, म्हणजे इवलासा गर्भ काढायचा, स्ट्रॉ म्हणतात त्या बारीक नळीत भरून गोठवायचा, मग साध्या दुभत्या गाईच्या पोटात सोडायचा. स्ट्रॉवर नंबर लिहिते मी. एम.एस्सी. झालेय, तरी स्वतःच्या अक्षरावर माझा विश्वास नाही.

*

इथला नियम असा, की प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं, "नंबर बरोबर! योश!", म्हणजे 'ठीक!'. सवय इतकी लागली, की घरातून निघतानाही मी ओरडते, "गॅस बंद! योश!"

नवरा दारातून विचारतो, "आरती झाली असेल तर निघूया?"

*

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर हे काम समजावलं.

"म्हणजे बाळ एकीचं, पोट दुसरीचं? मग खरी आई कोण गं?"

"कागदावर जिचा नंबर ती."

"आणि कागद कोण लिहितं?"

"मीच."

"नीट लिहीत जा हो."

*

आमचे गुरांचे डॉक्टर सातो-सान, म्हणजे आपल्याकडचे सातोजी. रोज जेवताना माझ्याकडे चोरून बघायचे आणि वहीत काहीतरी टिपायचे. माझ्या चुका लिहितायत, दुसरं काय! एकदा वही उघडी राहिली. त्यात होतं: "सोमवार: डब्यात पिवळं. मंगळवार: पिवळं. बुधवार: हिरवं. वास छान. विचारू का?"

*

आता खरी गोष्ट. किकुची-सान नावाच्या शेतकऱ्याची लाडकी म्हातारी गाय. तिचा एकच एम्ब्रियो मिळाला, आणि पुढे ती गेलीच. त्या दिवशी टेबलावर दोन स्ट्रॉ होत्या, डावी तिची, उजवी दुसऱ्या गाईची. नंबर लिहिणार तेवढ्यात लेकीच्या पाळणाघरातून फोन, "इराला साडेसदतीस सेल्सिअस ताप आहे, घेऊन जा." मी बाहेर जाऊन बोलले, परत आले, भराभर नंबर लिहिले आणि पळाले.

ट्रेनमध्ये आठवलं. बोट दाखवलं नाही. योशही नाही!

परतीच्या गाडीत इरा तापलेल्या कपाळाने विचारत होती, "मामा, दाइजोबु?" म्हणजे, आई, ठीक आहेस ना? आजारी कोण होतं कोण जाणे.

नऊ महिने मी कोणालाच सांगितलं नाही. तो एम्ब्रियो जिच्या पोटात सोडला त्या गाभण गाईला बघायला किकुची-सान यायचे, खिशातून पर्सिमन, टोमॅटोसारखं दिसणारं इथलं गोड फळ, काढून मला द्यायचे. एकही गोड लागलं नाही.

*

वासरू काळं झालं. पण ज्यांच्या स्ट्रॉ होत्या त्या दोन्ही गाई काळ्याच, त्यामुळे रंगावरून काय कळणार? वासराच्या केसांची मुळं डीएनए तपासणीला गेली. पाकीट आलं तेव्हा सातो-सान आणि आमच्या कडक मॅनेजर ओनो-सान समोर होते.

"उघडण्याआधी सांगते," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. ओनो-सानांनी पाकीट फोडलं.

"म्हातारीचंच आहे."

मी भिंतीला टेकणार होते. तर सातो-सान माझ्याआधीच खुर्चीत कोसळले! कपाळ पुसत म्हणाले, "तू फोनवर होतीस तेव्हा टेबल पुसायला मी दोन्ही उचलल्या होत्या. कुठली कुठे ठेवली, आजपर्यंत आठवत नाही."

ओनो-सानांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, आणि अगदी हळू विचारलं, "म्हणजे... माझ्यासारख्या तुम्हीपण उचलल्या होत्या?"