चौदा किलोंचं स्टीअरिंग

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. २०१४ साल, दिवाळीच्या आधीचा रविवार, सकाळी साडेनऊ, बिशान भागातल्या तिच्याच बिल्डिंगचा कार पार्क. आपल्या ग्रुपच्या जुन्या गाड्यांची ड्राइव्ह निघणार होती, यादी राजेशकाकांच्या हातात. त्यांनी तिच्या नावापुढचं 'ड्रायव्हर' खोडलं आणि 'पॅसेंजर' लिहिलं. तिच्याच गाडीत!

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कॉलेजात मी बुवाबाजीविरुद्ध पत्रकं लिहून वाटलीत, आजही वाटीन. तरी हे लिहितेय… कारण वजनाचा काटा मी स्वतः धरला होता.

आत्या बुओना व्हिस्टा भागातल्या एका संस्थेत संशोधक. गाडी सत्तरच्या दशकातली, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार — पॉवर स्टीअरिंग नाही. खांद्याच्या ऑपरेशननंतर तिला ते फिरवेना. सगळे म्हणाले, विकून टाका. तिने इंडियाला जाताना बॅगा तोलतो तो लगेज स्केल काढला, स्टीअरिंगच्या कडेला अडकवला आणि ओढला. उभ्या गाडीत चौदा किलो. मग सहा महिने ती एकेक किलो उतरवत गेली. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेले रुंद टायर काढून मूळ मापाचे घातले. हवा नीट भरली, सांध्यांत ग्रीस, पुढच्या चाकांची अलाइनमेंट. छोटं रेसिंग स्टीअरिंग काढून मूळचं मोठं शोधून आणलं.

"लांब पान्याने नट सोपा सुटतो ना? तेच हे," म्हणाली. प्रत्येक आकडा वहीत. शेवटचा — नऊ.

त्या सकाळी राजेशकाका म्हणाले, "ताई, खांदा सांभाळा. मी चालवतो, तुम्ही छान फोटो काढा."

"काका, गाडी कोणाची आहे?" मी भडकलेच.

"अगं, काळजीने बोलतोय! जागेवर फिरवून दाखवू देत, लगेच नाव लिहितो."

"जागेवर कुणी फिरवतं का? गाडी जरा सरकवत फिरवायची असते," आत्या शांतपणे म्हणाली. "पण ठीक आहे. स्केल आण गं."

काका सीटवर बसले, मी बाहेरून ओढलं: नऊ. मी बसले, त्यांनी ओढलं: नऊ. मग आत्या बसली. हात मांडीवर, इंजिन बंद. मी ओढलं… तीन पॉइंट चार.

चाकं सरळ करून परत ओढलं. तीन पॉइंट चार.

"स्केल बिघडला," काका म्हणाले.

मी धावत वर घरी गेले, तांदळाची पाच किलोची पिशवी आणून लटकवली. बरोबर पाच! काका पुन्हा बसले — नऊ.

आत्याने वहीत तीन पॉइंट चार लिहिलं, पुढे 'कारण माहीत नाही'. मग बेल्ट लावला आणि अख्खा रूट स्वतः चालवला, सगळ्यांच्या पुढे. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले, यादीही आली. तिच्या नावापुढे 'पॅसेंजर', तसंच.

तीन पॉइंट चारचं उत्तर माझ्याकडे नाही, आत्याकडेही नाही. कुणाकडे असेल तर सांगा, आम्ही ऐकू. पण चौदाचे नऊ कसे झाले, त्यात गूढ काहीच नाही. ते माझ्या आत्याने केलं, दुखऱ्या खांद्याने, आणि त्याचा मला प्रचंड अभिमान आहे.

तुमच्यातले निम्मे जण त्या ड्राइव्हला होतात. यादी अजून ग्रुपवर आहे. उघडा. 'पॅसेंजर' खोडा. 'ड्रायव्हर' लिहा. आजच.