शंभर मिलिमीटरचं माप

सर्जेराव कदमांनी तिसऱ्यांदा टेप लावली आणि तिसऱ्यांदा आकडा वेगळा आला. आधी शंभर, मग एक्क्याण्णव, आता एकशे सहा.

"किती आलं, काका?" गाडीवर बसलेल्या तनयाने हेल्मेटमधून विचारलं.

"बघतो," ते म्हणाले. खरं तर बघून झालं होतं.

सर्जेराव मूळचे साताऱ्याकडचे. बावीस वर्षं लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या, शेवटची नेमणूक जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर जगतपुऱ्यात स्टेशनमागे शेड टाकून ते इथलेच झाले. आसपासच्या लोकांच्या स्कूटरी ते हातात घेत नसत. रेती-खडकांत पळवायच्या मोटारसायकली तेवढ्या घेत, आणि त्यांतही एकच काम मनापासून करत: गाडी स्वाराच्या अंगाला बसवणं. स्वाराने बूट, हेल्मेट, पाठीवरची भरलेली पाण्याची पिशवी, सगळं घालून यायचं. तो बसला की गाडी मागून शंभर मिलिमीटर दबली पाहिजे. कमी दबली तर ती दगडावर उसळते. जास्त दबली तर उडीनंतर शॉकअप तळाला आपटतो आणि स्वाराला फेकून देतो.

मार्चमध्ये तनयाला असंच फेकलं होतं. डाव्या खांद्याचं हाड मोडलं. ते माप सर्जेरावांनीच घेतलं होतं.

उद्या सकाळी सातला जयपूरबाहेर चाकसूजवळ शर्यत होती. तनया चोवीस वर्षांची, स्वतः कमावती. पण हॉस्पिटलात तिने बाबांना शब्द दिला होता, सर्जेरावकाका 'गाडी बरोबर आहे' म्हणाले तरच पुन्हा उतरेन. विमा कंपनीतले अधिकारी असलेले तिचे बाबा, गजाननराव, मालवीय नगरहून तिच्याबरोबर आले होते आणि गाडीच्या उजव्या बाजूला उभे राहून ती तोलून धरत होते. सर्जेराव डाव्या बाजूला गुडघ्यांवर.

"मागच्या वेळीही असंच झालं होतं का हो?" गजाननरावांनी विचारलं.

"मागच्या टायमाला शंभर आलं हुतं. एकदाच मोजलं."

"एकदाच?"

सर्जेरावांनी तिला उतरवलं, शॉकअप काढला, बेअरिंगला ग्रीस दिलं, सील बोटाने चाचपलं. कुठे अडकत नव्हतं. पुन्हा बसवला आणि तनयाला गाडीवर चढवलं. त्र्याण्णव. मग एकशे दोन.

"बाबा, मतलब, थोडंफार चालतं," तनया म्हणाली.

"थोडंफार? खांदा थोडाफार मोडला होता का?"

सर्जेरावांनी चष्मा पुसला. आपले डोळे गेले असतील, हात गेला असेल. एकसष्ट वर्षं काही कमी नाहीत. 'न्हाई जमत' म्हणून मोकळं व्हावं, पोरगी रडेल, पण सलामत राहील. शब्द ओठांवर आले होते.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या गंगूबाई, त्यांच्या पत्नी, दारातच थबकल्या. एरवी गाडी धरायचं काम त्यांचं. मार्चमध्ये त्या गावी होत्या म्हणून गजाननरावांनी धरली होती, आणि आजही त्यांनीच 'राहू द्या वहिनी, मी आहे ना' म्हणून त्यांना आत पाठवलं होतं.

"अवो, पोरीचा एक खांदा वर का?"

सर्जेराव उठून उजव्या बाजूला गेले. तनयाचं जाकीट त्या बाजूने कानापर्यंत चढलं होतं. गजाननरावांचा एक हात हँडलवर आणि दुसरा तिच्या काखेत. मनगटाच्या शिरा तटतटल्या होत्या.

"साहेब, तुमी तिला उचलताय."

"छे हो, नुसता आधार. पडली तर?"

"बाबा! तुम्ही नेहमीच असं धरता. मला वाटलं, बॅलन्ससाठी."

गजाननरावांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो तिथून काढायला त्यांना वेळ लागला.

गंगूबाईंनी चहा खाली ठेवला आणि दोन बोटांनी हँडल धरलं. टेप लागली. एकशे अठरा. पुन्हा, एकशे अठरा. तिसऱ्यांदाही.

बापाच्या हाताने हलक्या झालेल्या पोरीचं माप घेऊन सर्जेरावांनी मार्चमध्ये स्प्रिंग सैल सोडली होती.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "कोण कसं धरतंय ते बघायचं काम माझं."

त्यांनी स्प्रिंगवरची रिंग आवळली, मोजलं, पुन्हा आवळली. शंभर. लगेच पुन्हा मोजलं. शंभर. मग तनयाला शेडमागच्या कोरड्या नाल्यात पाठवलं. उंचवट्यावरून गाडी हवेत गेली तेव्हा गजाननरावांनी डोळे मिटले. सर्जेराव मात्र कान लावून होते. आपटल्याचा आवाज आला नाही. ती वळली, जोरात आली, पुन्हा उडाली.

"गाडी बरोबर आहे?" गजाननरावांनी विचारलं.

"गाडी बरोबर हाय. पोरगी पडनारच न्हाई, असं मी म्हनत न्हाई, साहेब."

गजाननरावांनी खिशातून मोबाइल काढला.

"सातला चाकसू म्हणजे घरून पाचला तरी निघायला हवं," ते म्हणाले आणि गजर लावू लागले. बोट दोनदा चुकलं.