गिरणीचा भारद्वाज

पक्षी दाखवायचं काम मी पंधरा-सोळा वर्षं केलं आणि त्यातली शेवटची तीन वर्षं मला निम्मे पक्षी ऐकू येत नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगताना मी पुन्हा काहीतरी पळवाट काढीन.

मंचरला मी शाळेत भूगोल शिकवायचो. हिवाळ्यात महिन्यातले दोन रविवार पुण्याच्या एका निसर्गमंडळाचे लोक भीमाशंकरच्या अभयारण्यात यायचे आणि मी त्यांना फिरवायचो. नव्वदच्या सुमारास सुरुवात केली तेव्हा दहा-पंधरा माणसं असत, तीही गप्प. दोन हजार साल उलटल्यावर चाळीस-चाळीस यायला लागली. लाल जाकिटं, चिवड्याच्या पिशव्या, आणि जंगलात शिरल्यापासून एकच प्रश्न, शेकरू कधी दिसणार? जसं काही मी ते खिशात घालून आणलंय. शनिवारी अर्धा दिवस शाळा, मग एसटीने घोडेगाववरून तळेघर, ओळखीच्या घरी मुक्काम, रविवारी थंडीत उठून तीच माहिती, तेच विनोद. कंटाळलो होतो, थकलो होतो.

कान कधी गेले ते कळलं नाही. मनगटी घड्याळाचा गजर वाजत राहायचा आणि बायको येऊन बंद करायची. "बहिरे झालात की काय!" ती आपली सहज म्हणायची. डॉक्टरांनी मात्र तेच सांगितलं. बारीक आवाज गेलेत, जाड राहतील. जंगलात निम्मे पक्षी पानाआडच असतात, कानानेच ओळखावे लागतात, आणि त्यातले बरेचसे बारीक आवाजाचे. मंडळाला कळलं असतं तर त्यांनी शाल-श्रीफळ देऊन मला मोकळं केलं असतं. एवढा थकलेला असूनही ते मला नको होतं. शाळेत मला कुत्रं विचारत नव्हतं. इथे चाळीस माणसं माझ्या बोटाकडे बघायची.

सोबतीला जंगलाकडेच्या वाडीतले एक बाबा असायचे. साठी उलटलेली, घरची भात-नाचणीची शेती. ते पुढे चालायचे. आवाज आला की थांबायचे आणि काठीचं टोक त्या झाडाकडे धरायचे. मी दुर्बीण लावायचो आणि नाव सांगायचो. ही काठीची पद्धत मीच त्यांना शिकवली, असं मी लोकांना ऐटीत सांगत असे. "बाबा, हे झाड कसलं? बाबा, इकडे बिबट्या येतो का?" असं पुण्याची माणसं विचारायला लागली की म्हातारा खुलायचा. रविवारची वाट तो माझ्यापेक्षा जास्त बघायचा.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी बाबा वेळेवर आलेच नाहीत. धुकं एवढं होतं की दहा पावलांवरचं झाड दिसेना. लोक ताटकळायला लागले तेव्हा मी तसाच निघालो. अर्धा तास चाललो. "सर, वरती काहीतरी बोलतंय ना?" कुणीतरी विचारायचं आणि मी "बुलबुल" म्हणून ठोकून द्यायचो. तीनदा बुलबुल झाले. चौथ्यांदा काय सांगायचं या विचारात होतो, तेवढ्यात दरीकडून आवाज आला, कुप्, कुप्, कुप्, कुप्. जाड, घुमणारा. मला स्वच्छ ऐकू आला! आनंदाने माझ्या अंगावर काटा आला.

"थांबा," मी हात वर केला. "भारद्वाज!"

भारद्वाज म्हटल्यावर मराठी माणूस हरखतोच. आता दिवस चांगला जाणार, असं जो तो म्हणायला लागला. एका काकूंनी तर चप्पल काढून आवाजाच्या दिशेने हात जोडले. सगळ्यांनी वहीत नाव लिहिलं. मी वळलो तर बाबा मागे उभे, धापा टाकत.

पुढे ओढ्यापाशी लोक फोटो काढत बसले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"गुर्जी, ती गिरण व्हती."

"कसली?"

"पिठाची. आमच्या वाडीची. म्याच दळण टाकून आलो, म्हून तर उशीर झाला. लाइट न्हाई, इंजनावर चाललीया."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"दोन वरीस बघतोय मी. पाखरू डोईवर वरडतंय आन् तुमी भलतीकडंच बघताय. म्हून काठी जरा जास्त येळ धरतो. कुणाला बोललो न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटलं. आजच सगळ्यांना सांगून टाकायचं, असं मी तिथेच ठरवलं. गिरणीचं, कानाचं आणि काठीचंही.

फेरी संपली की वाडीतल्या आंब्याखाली चहा व्हायचा आणि मी यादी वाचायचो. मी एकेक नाव घ्यायचो, लोक "हो" म्हणायचे. भारद्वाजाचं नाव आलं आणि मागे बसलेले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "सर, राग मानू नका, पण मला तो पिठाच्या गिरणीचा आवाज वाटला. आमच्या गावी अशीच होती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकूसुद्धा. सांगायची वेळ हीच होती. मी फक्त घसा साफ केला.

तेवढ्यात बाबा उठले. "त्ये माझं चुकलं, पावणं. म्याच गुर्जींना खूण केली भारद्वाज म्हून. कान गेलं आता माझं."

धुक्यात बाबा कधी येऊन मिळाले हे कुणालाच माहीत नव्हतं. एकच हशा पिकला. "अहो बाबा, स्वतःच्या वाडीची गिरणी ओळखली नाहीत!" बाबाही त्यांच्याबरोबर हसले. पुण्याला येऊन कान तपासून घ्या, असं एका बाईंनी मायेने सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि माझ्याकडे न बघता खाली बसले. मी भारद्वाजावर काट मारली आणि पुढचं नाव घेतलं, "हळद्या." सगळे म्हणाले, "हो."

पुढच्या हिवाळ्याआधी मंडळातून फोन आला. "त्या बाबांना आता कशाला त्रास? ऐकू येत नाही बिचाऱ्यांना. तुम्ही एकटेच पुरे."

मी "बरं" म्हणालो.

त्या हिवाळ्यातल्या पहिल्या रविवारी वाडीवरून गेलो तेव्हा बाबा खळ्यात भात झोडत होते. चाळीस माणसं माझ्यामागे ओळीने चालली होती. बाबांनी हात थांबवला, आम्ही पुढे जाईपर्यंत बघत राहिले. मग जंगलात शिरलो. दोन तास फिरलो. एक होला आणि लांबवर एक रानकोंबडा, एवढंच मला ऐकू आलं.

"सर, आज पक्षीच नाहीत हो," कुणीतरी म्हणालं.

"हो," मी म्हणालो, "यंदा कमीच आहेत."