चाकावरचे पांढरे ठिपके

मैत्रिणींनो, घरात बोलता येत नाही म्हणून इथं लिहितेय. ग्रुपबाहेर जाऊ देऊ नका.

आज सकाळी एका मोटार कंपनीचा माणूस आला होता. त्यांच्या रेसिंग टीमच्या इतिहासाचं पुस्तक निघतंय. सत्तरच्या दशकात रॅलीत ही टीम सोलापूरला थांबली की गाड्यांचं काम माझे वडील, आप्पा करायचे.

त्यानं मोबाईलवर जुना फोटो दाखवला. गाडी आमच्या गॅरेजातून निघतेय. पुढे बार्शीजवळ तिचं पुढचं चाक निखळलं आणि ड्रायव्हर गेला.

"रस्ताच लई खराब हुता," आप्पा आजही तेच म्हणाले. "मी नट पक्का आवळल्याबिगर त्यावर पांढरा ठिपका देत नव्हतो."

आता त्यांना नीट दिसत नाही. मला म्हणाले, "पुढच्या चाकावरचे ठिपके मोज की. चार हायत न्हवं?"

मी फोटो मोठा केला. चार नटांपैकी एकावरच ठिपका होता.

"चार आहेत, आप्पा."

पाहुण्यानं ठिपक्यांची गोष्ट वहीत उतरवून घेतली. हाच फोटो मुखपृष्ठावर येणार, आत ही गोष्ट. पहिली प्रत त्या ड्रायव्हरच्या मुलीला जाणार आहे.

फोटो बदला म्हणावं, तर कारण काय सांगू?