तुरटी पाच वेळा फिरवली

आमचं घर तलावाच्या बांधाला लागून आहे. चुलीपाशी बसलं तरी दारातून पाणी दिसतं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या पाण्यात मी कपडे धुतले, भांडी घासली, त्यातले मासे रांधले. पण ते पाणी शिकायला कोणी धुळ्याहून येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

ती पोरगी स्कूटीवर आली. देवपूरला राहायची, तिथेच कॉलेजात शिकायची. आमचे मालक तलावातल्या माशांची राखण करतात, होडी त्यांच्याकडेच असते, म्हणून कोणीतरी तिला आमचं घर दाखवून दिलं होतं. तिला वर्षभर, दर महिन्याला एकदा, सकाळी सात वाजता तलावाचं पाणी घ्यायचं होतं. एकही महिना चुकवायचा नाही. चुकला तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, असं तिच्या सरांनी सांगितलं होतं.

सासूबाई ओट्यावर बसून तिची तयारी बघत होत्या. बादली, दोर, कॅन, बाटल्या, कापडाची नरसाळ्यासारखी जाळी. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"इतलं शिकनी आनि पानीज भराले उनी का व माय?"

पोरगी हसली. "हो आजी. पण पाण्यातले जीव बघायला. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. त्यांना प्लवक म्हणतात."

"दिसत नही तं देखस काय?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण सासूबाई तोवर तंबाखू मळायला लागल्या होत्या.

मी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. माझं माहेर जामनेरकडचं, तिकडची बोली वेगळी. नवीन नवरी होते तेव्हा मी तोंड उघडलं की इथल्या बाया माझ्या बोलण्याची नक्कल करायच्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण मी जी गप्प झाले ती तशीच राहिले. परका माणूस आला की मी चहा ठेवते आणि आत जाते. त्या पोरीलाही चहा दिला आणि आत गेले. पण खिडकीतून सगळं बघितलं.

ती होडीत बसून दोराला बांधलेली काळी-पांढरी थाळी पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी झाली की दोर मोजायची, त्यावरून पाणी किती गढूळ ते कळायचं. मालक वल्हं धरून बसलेले असायचे, आणि दर महिन्याला तोच विनोद करायचे, "ताई, ताट बुडवतेस दरवेळी, वाढत मात्र काही नाहीस." मग ती बादलीने पाणी घेऊन जाळीतून ओतायची. खाली बाटलीत जे उरेल ते जपून ठेवायची. आणि एका कॅनमध्ये तलावाचं पाणी तसंच भरून घ्यायची. तो कॅन ओल्या पोत्यात गुंडाळून आमच्या ओट्यावर सावलीत ठेवायची, मग नाल्याच्या तोंडापर्यंत पायी जाऊन तिथलं काय काय मोजायची. दोन तासांनी परत यायची, भाकरी खायची, कॅन स्कूटीला बांधून निघायची.

तीन-चार महिन्यांत मला तिची सवय झाली. तिला ठेचा आवडतो हे मला कळलं. ती मला अक्का म्हणायची आणि मी मान हलवायची. एवढंच आमचं बोलणं.

श्रावणात नाल्याला पूर येऊन गेला आणि तलाव लाल मातीचा झाला. त्या महिन्यात तिने कॅन ओट्यावर ठेवला तेव्हा मी सहज झाकण काढून बघितलं. मला लाजच वाटली. एवढी शिकलेली पोर, एवढ्या लांबून येते, आणि आपल्या गावचं असलं गढूळ पाणी घेऊन जाणार. तिथे मोठमोठे सर लोक बघणार. कोणत्या गावचं हे पाणी, असं विचारणार.

आमच्याकडे पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवतात. मी तीनदा फिरवते, पुरतं. त्या दिवशी कॅनचं पाणी मोठ्या पातेल्यात ओतलं आणि तिचं म्हणून पाच वेळा फिरवली. तासाभरात सगळा गाळ खाली बसला. वरचं नितळ पाणी अलगद काढून घेतलं, कॅन आतून घासला, पाणी पुन्हा भरलं. गाळ ओतला मागच्या दारच्या कढीपत्त्याला. कॅन थोडा रिकामा राहत होता, तो बरा दिसेना, म्हणून माठातलं तांब्याभर पाणी वर घातलं. झाकण लावलं, पोतं गुंडाळलं. इतकं समाधान वाटलं की काय सांगू. न बोलता कोणाचं काम करून देणं मला फार आवडतं.

पोरगी परत आली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. तिने घाईत कॅन बांधला आणि गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्कूटी वाजली. तिची यायची वेळ नव्हती. मी भाकरी थापत होते. मालक ओट्यावर जाळं नीट करत होते, सासूबाई शेंगा फोडत होत्या.

"भाऊ, तलावात कोणी काही टाकलं का?" पोरीने हेल्मेट काढायच्या आधीच विचारलं.

"आम्ही फक्त मासे टाकतो, आणि तेही परत काढतो," मालक म्हणाले. मग तिचं तोंड बघून त्यांनी जाळं खाली ठेवलं. "काय झालं ताई?"

ती पायरीवर बसली. "कॅनच्या पाण्यात काहीच नाही. एक हिरवा कण नाही. जाळीच्या बाटलीत प्राणी भरपूर आहेत, पण ते जे खातात तेच कॅनमध्ये नाही. सर म्हणाले, हे तलावाचं पाणीच नाही. पाऊस होता म्हणून तू घरी नळाखाली कॅन भरलास आणि मला आणून दिलास." एवढं म्हणून ती थांबली. "सर म्हणाले, खोटं काम करणारी विद्यार्थिनी मला नको."

तव्यावरची भाकरी माझ्यासमोर काळी झाली आणि मी बघत राहिले.

खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते असं, की हे कोणालाच कळणार नाही. मालक त्या दिवशी पलीकडच्या काठाला होते, सासूबाई झोपल्या होत्या. मला माहीत होतं आणि कढीपत्त्याला माहीत होतं. ती पोर तिकडे नाकाचा शेंडा पुसत होती. मालक तिला समजावत होते, "मी येतो ना कॉलेजात, मी सांगतो सरांना, माझ्यासमोर पाणी भरलंय." ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही सांगाल, पण मग पाण्यातलं गेलं कुठे, ते विचारतील."

मी उठले. पण बोलायचं कसं ते सुचेना. फळीवरून तुरटीचा खडा घेतला, बाहेर गेले आणि तिच्या हातावर ठेवला.

तिने खड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"फिरवली," मी म्हणाले.

"कशात?"

"तुझ्या पाण्यात. फार गढूळ होतं."

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. मग पोरीने तोंडावर दोन्ही हात घेतले आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. हात काढले तर हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "ती सहा महिने गढूळपणा मोजत फिरतेय, आणि तू तो काढून दिलास होय!"

"गाळ कोठे टाकना?" सासूबाईंनी विचारलं. मी कढीपत्ता दाखवला. "बठ्ठी पोरनी मेहनत झाडले पाजी दिनी!" सगळी मेहनत झाडाला पाजली, असं म्हणून त्यांनी उरलेल्या शेंगा सुपात ढकलल्या आणि त्याही हसायला लागल्या.

पण पोरगी लवकर गप्प झाली. "अक्का, हे तुम्हालाच सरांना सांगावं लागेल. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, आणखी एक गोष्ट रचली."

मी भावाशीही फोनवर नीट बोलत नाही. फोन मालकांकडे देते. आणि हे तर कॉलेजचे सर. मी मालकांकडे बघितलं. ते म्हणाले, "माझ्याकडे नको बघू. तुरटी तू फिरवलीस."

तिने फोन लावला, आधी चार शब्द बोलली आणि माझ्या कानाला लावला. माझे हात पिठाचे होते, म्हणून तिनेच धरून ठेवला होता.

"बोला बाई," पलीकडून जाड आवाज आला.

"पाणी तलावाचंच होतं सर. आमच्या ओट्यावरून तिने नेलं. मी त्यात तुरटी फिरवली. तिला माहीत नव्हतं."

"किती वेळा?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. "पाच. पिण्याला तीनदाच फिरवतो. कॉलेजचं म्हणून पाच."

"पुढे?" सर म्हणाले.

"मग वरचं पाणी काढून घेतलं, कॅन घासला. आणि थोडं कमी पडलं, तर तांब्याभर माठातलं घातलं." एकदा सुरू झाल्यावर मी सगळंच सांगून टाकलं. कढीपत्त्याचंही सांगितलं.

मग सर म्हणाले, "बाई, एवढं बारकाईने तर माझे विद्यार्थीही सांगत नाहीत. फोन तिला द्या."

ती बाजूला जाऊन बोलली. परत आली तेव्हा चेहरा उजळला होता. सरांचा विश्वास बसला होता. त्यांनी तिला रागावल्याबद्दल वाईट वाटतं असंही म्हटलं होतं. पण उद्या सकाळी सातलाच नवीन पाणी घ्यायचं, आणि ज्या बाईंनी तुरटी फिरवली त्यांना होडीत बरोबर न्यायचं.

"त्यांना कशाला?" मालकांनी विचारलं.

"म्हणजे घरी तुरटी फिरवायला कोणी राहणार नाही," पोरगी म्हणाली.

इतकी वर्षं तलावाला लागून राहिले, पण होडीत दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा बसले. दोन्ही हातांनी काठ धरून ठेवला होता. पाण्यातून आमचं घर अगदी लहान दिसत होतं, ओट्यावर सासूबाई हात हलवत होत्या. पोरीने मला बादल्या मोजायला सांगितलं, मी मोजल्या. मग तिने मोबाइलला एक छोटं भिंग लावलं, बाटलीतला थेंब काचेवर घेतला आणि मला म्हणाली, "बघा, मी कशासाठी येते ते."

आधी नुसता उजेड दिसला. मग त्यातून एक जीव टुणकन उडी मारून गेला. त्याला एकच डोळा, कपाळाच्या मधोमध. दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या, बाजार करून निघालेल्या बाईसारख्या. दुसरा एक काचेसारखा आरपार होता, त्याचं काळीज धडधडताना दिसत होतं. आणि हिरवे गोल, साखळ्या, होडीच्या आकाराचे तुकडे.

"हेच त्यांचं जेवण. हेच मी कॅनमध्ये नेते," पोरगी म्हणाली.

"हे सगळं मी ओतलं?"

"लाखांनी ओतलंत अक्का."

मी तोंडाला पदर लावला. मग मला हसू आलं, आणि होडी हलली तरी भीती वाटली नाही.

एरवी कॉलेजात गेल्यावर पाण्यातले जीव टिकवायला घालायची ते औषध या वेळी तिने होडीतच कॅनमध्ये घातलं. पाणी तपकिरी झालं. आता याला कोणी पिण्याचं पाणी समजणार नाही, असं ती म्हणाली. घरी आल्यावर सासूबाईंनी झाकण काढून बघितलंच. "चहा शे का हाऊ?" मी घाईने झाकण लावलं.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. होडीत तिचे हात ओले होते, म्हणून वही तिने माझ्याकडे दिली. दर महिन्याची एक ओळ असायची त्यात, वेळ आणि पाण्याचा रंग. मी चौथीपर्यंत शिकले, अक्षर बरं आहे. तिने वेळ सांगितली, मी लिहिली. "रंग तुम्हीच बघून लिहा," ती म्हणाली.

मी पाण्याकडे बघितलं आणि लिहिलं, गढूळ. मग सरांचा आवाज आठवला, म्हणून पुढे लिहिलं, तुरटी फिरवलेली नाही.

तिने वाचलं आणि तसंच राहू दिलं. वर्ष संपेपर्यंत ती वही मीच लिहिली. थंडीत पाणी इतकं नितळ झालं की थाळी खोलवर दिसायची, तरी प्रत्येक ओळीच्या शेवटी मी तेच लिहीत गेले. तिचे बारा महिने पूर्ण झाले. शेवटच्या दिवशी सर स्वतः आले, वही चाळली, आणि ओट्यावर बसून म्हणाले, "बाई, चहा चालेल. पण पाणी कोणतं घालताय ते सांगा."

"तीनदा फिरवलेलं," मी म्हणाले.