पहिली सुरी

ओव्हनसमोर स्टूल ओढून आई काचेतून आत बघत बसली आहे. आत लाल भोपळ्याच्या चकत्यांचे थर आहेत आणि वर चीज. ते फुगतं, खदखदतं, कडेनं तांबूस होत जातं.

"खाली काय चाललंय, काही दिसत नाही गं," ती म्हणते.

बाबा गेल्यापासून आमच्याकडे भोपळ्याची फोडच यायची. अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी पुरुषानं चालवायची, बाईनं नाही, हा आईचा नियम. आज मोठ्या चकत्या हव्यात म्हणून मी अख्खा भोपळा आणला आणि ओट्यावर ठेवल्यावर चूक लक्षात आली.

"शेजारच्या काकांना बोलावू?" मी विचारलं.

आईनं भोपळ्यावरून हात फिरवला, सुरी घेतली आणि सरळ दोन भाग केले.

तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल? मलाही वरचंच दिसतं. विचारायचा धीर होत नाही.

शिजलं का बघायला मी ओव्हन उघडते आणि सुरी उचलते. आई हात पुढे करते.

"दे इकडे. पहिली सुरी माझी."